गळलेले पीस, उपटलेले पीस : पक्षिचित्रांच्या जुन्या पोस्टकार्डांचा संग्रह आणि एक नैतिक पेच

संग्रह ही निरुपद्रवी, किंबहुना सत्कृत्याच्या जवळ जाणारी कृती आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. नाणी, तिकिटे, काडेपेट्यांवरची चित्रे किंवा जुनी पोस्टकार्डे जमवणारा माणूस कोणाचे काही हिरावून घेत नाही. उलट जे केराच्या टोपलीत गेले असते ते तो राखून ठेवतो, अशी त्याची बाजू असते. समीक्षाविचारानेही या गृहीतकाला बळ दिले आहे. वाल्टर बेन्यामिनने १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना आणि पुढे १९३५ मध्ये पॅरिसविषयक प्रकल्पाच्या आराखड्यात संग्राहकाकडे पाहिले ते वस्तूंना उपयुक्ततेच्या वेठीतून सोडवणारा मनुष्य म्हणून. (बेन्यामिन स्वतः बालपणी पोस्टकार्डे जमवत असे, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.) बोद्रियारने १९६८ मध्ये याच चित्राची दुसरी बाजू पुढे आणली : संग्राहक अखेरीस जमवतो तो स्वतःलाच. या दोन्ही भूमिका संग्राहकाच्या मनाविषयी पुष्कळ काही सांगतात. मात्र जमवलेली वस्तू मुळात कोणाची होती आणि ती त्याच्यापासून कशी सुटली, हा प्रश्न दोहोंकडेही कडेलाच राहतो. पक्ष्यांची चित्रे असलेली जुनी पोस्टकार्डे जमवण्याचा छंद हा या प्रश्नाकडे वळण्याचा एक मार्ग आहे. विषय किरकोळ वाटेल. पण ‘जतन’ या शब्दामागे दडलेली नैतिक गुंतागुंत मोठ्या वस्तुसंग्रहालयांपेक्षा अशा किरकोळ संग्रहांत अधिक उघडपणे दिसते.

पोस्टकार्डाचा जन्म काटकसरीतून झाला. ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी ते प्रथम विक्रीस आले, ब्रिटनमध्ये बरोबर एका वर्षाने. हिंदुस्थानात पाव आण्याचे कार्ड १८७९ मध्ये सुरू झाले. ही सारी सरकारी, चित्रविरहित कार्डे होती. चित्रकार्डाचा खरा बहर १८९०च्या दशकानंतरचा, आणि तो पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला. एकट्या अमेरिकेत जून १९०८ अखेरच्या वर्षात सुमारे ६८ कोटी कार्डे टपालात पडली, या एका आकड्यावरून त्या लाटेची कल्पना यावी. या काळातील एक तांत्रिक तपशील प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत आणि अमेरिकेत १ मार्च १९०७ पर्यंत कार्डाच्या मागील बाजूवर केवळ पत्ताच लिहिण्याची मुभा होती. मजकूर लिहायचा तर तो चित्राच्या बाजूवर, समासात, चित्रातील मोकळ्या आकाशात, प्रसंगी चित्रावरच लिहावा लागे. पुढे मागील बाजूच्या मधोमध एक उभी रेघ आली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी वाटणी झाली आणि चित्राला संपूर्ण बाजू मोकळी मिळाली.

ही रेघ टपालखात्याच्या सोयीची होती, पण तिने एक अर्थव्यूह बदलून टाकला. रेघेपूर्वीच्या कार्डावर खंड्या पक्ष्याच्या फांदीखालून कोणाच्या तरी खोकल्याची हकिकत निघते आणि चोचीपाशी येऊन संपते. पक्षी आणि हस्ताक्षर एकाच प्रतलावर राहतात, एकमेकांना जागा देतात. रेघेनंतर पक्षी एकीकडे, माणूस दुसरीकडे. कार्डाला ‘पुढची’ आणि ‘मागची’ अशा बाजू आल्या आणि त्यांच्यात श्रेणीही आली. संग्राहकाचा अल्बम ही श्रेणी कायम करतो. कोपऱ्यांवर खाचा असलेल्या जाड पानात कार्ड सरकवले की पक्षी समोर राहतो आणि हस्ताक्षर काळ्या कागदाकडे तोंड करून बसते.

या कार्डांवर पक्षी दोन निराळ्या नात्यांनी येतो. पहिले नाते दूताचे. चोचीत लिफाफा धरलेली पाकोळी, गळ्यात फीत बांधलेले कबुतर, नाताळाच्या कार्डावर बर्फातल्या खांबावर बसलेला रॉबिन. इंग्लंडातील टपालवाल्यांचा जुना गणवेश लाल असल्यामुळे त्यांना ‘रॉबिन’ म्हणत, आणि त्यातूनच तो पक्षी शुभेच्छाकार्डावर आला, असे सांगितले जाते. संदेश नेणारा पक्षी भारतीय वाचकाला परका नाही. नल-दमयंतीचा हंस, दूतकाव्यांतील हंस, ज्ञानदेवांच्या विराणीतील पाहुण्याची चाहूल देणारा कावळा ही सगळी त्याच कुळातील मंडळी. दुसरे नाते मात्र नव्या काळाचे आहे : पक्षी एक जात म्हणून, नमुना म्हणून, वर्गीकरणातील एक नोंद म्हणून येतो. लंडनच्या राफाएल टक या प्रकाशनसंस्थेने १९०३ पासून तैलचित्राचा आभास देणारी ‘ऑइलेट’ मालिका काढली; तिच्यातील कार्डांच्या मागे चित्रविषयाची चार ओळींची माहिती छापलेली असे. मागील बाजूवर अगोदरच बोलून ठेवणारे हे छापील वाक्य हस्ताक्षराची जागा थोडी अधिकच आक्रसवते. दूत असलेला पक्षी निरोपासाठी होता. नमुना असलेल्या पक्ष्याला निरोपाची गरज नाही. संग्राहकाला बहुधा हा दुसरा पक्षी हवा असतो, कारण त्याला क्रम लावता येतो, मालिका पुरी करता येते.

आता ज्या वर्षांत हे कोट्यवधी रंगीत पक्षी टपालातून हिंडत होते त्याच वर्षांत खऱ्या पक्ष्यांचे काय चालले होते, हे पाहिले पाहिजे. स्त्रियांच्या टोप्यांवरील तुऱ्यांसाठी बगळे, टर्न, स्वर्गपक्षी यांची विणीच्या हंगामात कत्तल होई. तिच्या विरोधात १८८९ मध्ये इंग्लंडात पक्षिरक्षणाची संस्था निघाली, १९०० मध्ये अमेरिकेत लेसी कायदा आला, १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. (ते वर्ष ब्रिटिश कार्डावरच्या रेघेचेही आहे, हा योगायोगच, त्यातून अधिक काही काढू नये.) ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीला कायद्याने आळा बसायला १९२१ उजाडले. त्याच्या आदल्या वर्षी व्हर्जिनिया वुल्फने याच विधेयकावर एक तिखट लेख लिहिला. पिसे मिरवणाऱ्या स्त्रियांवर सारा दोष ढकलणाऱ्यांना तिने विचारलेला प्रश्न साधा होता : बंदूक कोणाच्या हातात आहे, नफा कोणाच्या खिशात जातो आणि संसदेत विधेयक कोण रखडवतो? अमेरिकेतील प्रवासी पारव्याच्या जातीतील शेवटची मादी, ‘मार्था’, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. सुमारे तीनशे पौंड बर्फाच्या लादीत गोठवून तिला रेल्वेने वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवण्यात आले. चित्रकार्डांच्या सुवर्णकाळाची अखेर आणि या जातीची अखेर यांत काही आठवड्यांचेच अंतर आहे. एका बाजूस पक्ष्याची प्रतिमा कधी नव्हे इतकी स्वस्त आणि विपुल झाली, दुसऱ्या बाजूस पक्षी विरळ झाला. आणि अनेकदा टोपीतील तुरा व कपाटातील कार्डांचा अल्बम एकाच घरात होते. प्रेम आणि संहार यांची ही शेजारीण-नाती दांभिकपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. त्यापेक्षा, प्रतिमेच्या विपुलतेमुळे मूळ वस्तूच्या अभावाची जाणीवच बोथट होते का, हा प्रश्न अधिक फलदायी ठरावा.

हा प्रश्न काही कार्डांच्या बाबतीत अक्षरशः हाताला लागतो. त्या काळात युरोपात ‘नवलाची कार्डे’ म्हणून एक प्रकार होता. त्यात छापील स्त्रीच्या टोपीवर किंवा छापील पक्ष्याच्या अंगावर खरी पिसे चिकटवलेली असत. याहून विलक्षण कार्डे मेक्सिकोची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे पर्यटकांसाठी पिसांची चित्रकार्डे होत : फांदी, पाय आणि चोच रंगाने काढलेली, पण पक्ष्याचे सारे शरीर मात्र छाटून बसवलेल्या खऱ्या पिसांचे. या कलेमागे फार जुनी परंपरा आहे. स्पॅनिश आक्रमणापूर्वीच्या मेक्सिकोत ‘अमांतेका’ नावाचे पीसकारागीर होते. साआगूनच्या सोळाव्या शतकातील ग्रंथात त्यांच्या कामाचे तपशीलवार वर्णन येते, आणि १५३९ मध्ये पोपसाठी घडवलेले संत ग्रेगरीच्या प्रार्थनेचे पीसचित्र आज फ्रान्समधील ओश येथे पाहायला मिळते. देवतेच्या आणि राजाच्या अंगावरून पोपकडे, तेथून पर्यटकाच्या खिशात, असा या पिसाचा प्रवास आहे. त्याचा समाजशास्त्रीय अन्वयार्थ लावण्याचे हे स्थळ नव्हे. येथे मुद्दा चिन्हाचा आहे.

चार्ल्स सँडर्स पर्स याने चिन्हांचे जे भेद केले त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. चित्र हे सादृश्यचिन्ह. ते वस्तूसारखे दिसते म्हणून वस्तूकडे नेते. धूर, पाऊलखूण ही निर्देशचिन्हे. ती वस्तूसारखी दिसत नाहीत, पण वस्तूपासूनच निपजतात. न्यायशास्त्रातील धूर-अग्नीचे उदाहरण मराठी अभ्यासकाला लगेच आठवेल. छापील खंड्या हे सादृश्यचिन्ह आहे. एका साच्यातून असे हजारो खंड्या निघाले, त्यासाठी एकही मरावा लागला नाही. (पक्षिचित्रणाच्या इतिहासात हे खरेच ठरत नाही. ऑड्युबनने आपली प्रख्यात चित्रे मारून तारेने बांधलेल्या पक्ष्यांवरूनच काढली. पण छापखान्यापर्यंत पोचताना ते रक्त वाळून गेलेले असते.) पीसकार्डावरचे पीस मात्र पक्ष्याचे चित्र नाही, पक्ष्याचा अवशेष आहे. त्यातही गंमत अशी की चित्रातला पक्षी आणि पिसाचा मूळ धनी हे एकच असतील याची कार्ड काहीच हमी देत नाही. एका पक्ष्याच्या अवशेषातून दुसऱ्या पक्ष्याचे सादृश्य घडवलेले असू शकते. असे चिन्ह खरे असूनही खोटे बोलू शकते.

आणि हस्ताक्षर? तेही याच कोटीतले आहे. मजकुराचा अर्थ भाषेच्या संकेतव्यवस्थेतून येतो हे खरे, पण शाईचा दाब, घाईत सुटलेले विरामचिन्ह, ओळ संपता संपता खाली झुकलेली अक्षरे ही त्या हाताची निर्देशचिन्हे आहेत. याचा अर्थ, पीस आणि हस्ताक्षर एकमेकांचे सगोत्र आहेत. चित्र आणि छापील माहिती ही त्यांच्या तुलनेत परकी. कार्डाची खरी विभागणी पुढची बाजू व मागची बाजू अशी नसून प्रतिमा आणि अवशेष अशी आहे. बाजार मात्र ही विभागणी मानत नाही. पिसामुळे कार्डाचे मोल वाढते. हस्ताक्षरामुळे ते पुष्कळदा कमी होते. विषयवार जमवणाऱ्या अनेकांना कार्ड कोरे हवे असते आणि चित्रावर उतरलेल्या शाईला ते ‘डाग’ म्हणतात. पक्ष्याचा अवशेष दुर्मीळ म्हणून जपायचा आणि माणसाचा अवशेष मळ म्हणून नाकारायचा, हा उफराटा न्याय आहे. अलीकडे मागच्या बाजूसाठीच कार्डे घेणारे संग्राहकही आहेत. त्यांना सामाजिक इतिहास हवा असतो. त्यांच्यामुळे हस्ताक्षराला प्रतिष्ठा मिळाली. पण त्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो अधिक अवघड आहे : हे वाचण्याचा अधिकार कोणाचा?

पोस्टकार्ड उघडे असते, तेव्हा ते वाचण्यात गैर काय, हे उत्तर तत्काळ दिले जाते. डेरिदाने १९८० मध्ये पोस्टकार्डावर ग्रंथच लिहिला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात त्याला सापडलेल्या, सॉक्रेटिस बसून लिहितो आहे आणि प्लेटो मागे उभा आहे अशा कार्डापासून त्याचा विचार सुरू होतो. कोणतेही पत्र इच्छित स्थळी न पोचण्याची शक्यता हा पत्र असण्याचाच एक भाग आहे, हे त्याचे प्रतिपादन आता परिचित आहे. तथापि न पोचण्याची शक्यता आणि कोणाच्याही हाती पडण्याचा परवाना या दोन गोष्टी एक नव्हेत. उघडेपणा म्हणजे त्याग नव्हे. अंगणात वाळत घातलेले धोतर रस्त्यावरून दिसते, म्हणून ते रस्त्याचे होत नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने १७४१ मध्ये कवी पोप आणि प्रकाशक कर्ल यांच्या खटल्यात एक सूक्ष्म भेद केला होता : पत्राचा कागद मिळवणाऱ्याचा, पण शब्द लिहिणाऱ्याचे. संग्राहक विकत घेतो तो कागद. मराठीत जी. ए. कुलकर्णी यांच्या १९८७ मधील निधनानंतर त्यांच्या पत्रांचे खंड निघाले. लेखकाने एका व्यक्तीला लिहिलेले शब्द सर्वांचे कधी होतात, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रकाशनापाशी उभा राहतोच. लेखकाच्या बाबतीत निदान एक समर्थन असते, की त्याची पत्रे त्याच्या वाङ्मयाच्या कडेला उभी असतात. पाऊस थांबत नाही, आईला आज बरे आहे, शनिवारच्या गाडीने येतो, असे लिहून कार्ड टाकणाऱ्या माणसाच्या मागे वाङ्मय नसते. त्याच्या शब्दांना सार्वजनिक करणारी कोणतीच गोष्ट त्याने केलेली नसते.

असे कार्ड वाचताना जो एक हलका, गोड विषाद दाटतो त्याची परीक्षा करण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील पक्ष्याकडेच जाणे योग्य. क्रौंचवधाच्या प्रसंगी शोकाचा श्लोक झाला, हे आनंदवर्धनाचे विधान. (रामायणात नर मारला जातो, तर ध्वन्यालोकात सहचरी, या पाठभेदाची चर्चा येथे नको.) त्यावर लोचनात अभिनवगुप्त स्पष्ट बजावतो की हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये, तसा तो असता तर मुनी दुःखाने विव्हळला असता, त्याला रसत्व आले नसते. शोक आस्वाद्य होतो तो हृदयसंवादातून, तन्मयतेतून, ‘हा माझा, हा परक्याचा’ ही व्यक्तिसंबद्धता गळून पडल्यावर. साधारणीकरण या संकल्पनेचे मर्मही हेच. जुने कार्ड वाचणारा संग्राहक नेमका याचाच हवाला देऊ शकेल : नाव अनोळखी, गाव अनोळखी, शंभर वर्षे लोटलेली, तो खोकला, ती गाडी आता कोणाचीच राहिली नाही, म्हणजे साधारणीकृत झाली.

येथेच घोटाळा आहे. साधारणीकरण हा कविव्यापार आहे. विभावादिकांच्या योजनेतून ते घडवावे लागते. काळ आणि अपरिचय यांनी आपोआप घडते ते साधारणीकरण नव्हे, विस्मरण होय. पोस्टकार्डावरील शोक लौकिकच राहतो. फक्त त्याचा धनी हजर नसतो. धनी हजर नसलेल्या लौकिक दुःखाचा रसिकासारखा आस्वाद घेणे म्हणजे क्रौंचाचा आक्रोश ऐकून श्लोक न रचता त्याचे पीस खिशात घालणे. म्हणून अशा मजकुरापुढे रसिकाची भूमिका अपुरी, प्रसंगी अनुचित ठरते. साक्षीची भूमिका अधिक जवळची. साक्षीदाराला आस्वाद घेता येत नाही. आणि त्याने जे पाहिले ते कोणाचे होते हे त्याला विसरता येत नाही.

महाराष्ट्रातील एक जुनी रीत या संदर्भात बोलकी आहे. मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड वाचून झाले की फाडून टाकत. ते घरात ठेवत नसत. यात अशुभाची भीती होतीच, पण एक समजही होती : काही शब्द पोचण्यासाठी असतात, राहण्यासाठी नसतात. त्यांचे काम झाले की त्यांना जाऊ देणे हा त्यांचा मान. सर्व काही जतन झालेच पाहिजे हा अलीकडचा आग्रह या समजुतीपुढे काहीसा उद्धट वाटतो. अर्थात फाडण्याची रीत सरसकट लावली तर गेलेल्या पिढ्यांच्या साध्या माणसांचे अक्षरही उरणार नाही, आणि इतिहास पुन्हा एकदा संस्थानिकांच्या दफ्तरांपुरता राहील. म्हणजे जतन विरुद्ध नाश ही कोंडी येथे निकामी आहे. प्रश्न जतनाच्या रीतीचा आहे.

पिसांविषयीच्या कायद्यांनी आणि नियमांनी या बाबतीत एक उपयुक्त भेद केला आहे. १८८९ च्या पक्षिरक्षक संस्थेच्या सभासद स्त्रिया पिसे न वापरण्याची शपथ घेत, पण शहामृगाचा अपवाद असे. कारण त्याच्या पिसासाठी त्याला मारावे लागत नाही. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मोराच्या पिसाऱ्यातील पिसांना सवलत आहे, तीही मोर ती दरवर्षी स्वतःच गाळतो या समजुतीवर. उलट अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याखाली जमिनीवर सापडलेले पीसही परवान्याविना बाळगता येत नाही, कारण हातातले पीस गळलेले की उपटलेले हे सिद्ध करणे कठीण. चिकटवण्यासाठी छाटलेल्या पिसाला तर देठच उरत नाही. साक्ष देणारा भाग नेमका कापला गेलेला असतो.

हाच भेद कार्डांना लावून पाहता येतो. एखादे घर मोडते, वारस नसतो, कपाट रिकामे होते, कार्डे बाहेर पडतात, हे गळणे. ती उचलणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु संग्राहकापर्यंत कार्ड बहुधा असे थेट येत नाही. मध्ये व्यापाऱ्याचे टेबल असते. १९०५ च्या सुमाराचा एखादा घरगुती अल्बम तेथे येतो. त्यात पाच-सात वर्षांत एका मुलीला आलेली शंभर-दीडशे कार्डे तिनेच लावलेली असतात : चर्चे, समुद्रावरचे धक्के, नट्या, मांजरीची पिल्ले आणि मध्येच दोन-चार पक्षी. अल्बम अखंड विकण्यापेक्षा सुटी कार्डे अधिक पैसे देतात, म्हणून पाने मोकळी केली जातात. चर्चे गावांच्या खोक्यात, नट्या रंगभूमीच्या खोक्यात, पक्षी पक्ष्यांच्या खोक्यात. एका माणसाला आलेल्या निरोपांचा क्रम विसर्जित होतो आणि जातींचा क्रम सुरू होतो. हिंसा असलीच तर ती येथे आहे, आणि ती संग्राहकाच्या मागणीमुळेच घडते. बगळा मारणारा आणि टोपी घालणारी यांच्यातले नाते वुल्फने जसे सोपे राहू दिले नाही, तसे व्यापारी आणि संग्राहक यांच्यातलेही सोपे नाही. संग्राहकाने स्वतः काहीच उपटलेले नसते. त्याच्या हाती येते ते देठ कापलेले.

लिलावांच्या संकेतस्थळांवर आज कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या प्रतिमा दिसतात. त्यामुळे मागची बाजू उजेडात आली, हे खरे. पण त्या प्रतिमेत पीस आणि हस्ताक्षर दोन्ही पुन्हा सादृश्यचिन्हेच होतात. पत्त्यावरचे नाव त्यामुळे शोधता मात्र येते. तेच नाव, तेच गाव, त्याच हाताचा तिरपा ‘टी’ तीन वेगवेगळ्या खोक्यांतल्या कार्डांवर ओळखू येणे आता अशक्य राहिलेले नाही. असे घडले की पक्षिकार्डांच्या संग्राहकापुढे एक अगदी व्यावहारिक निवड उभी राहते. त्याच मुलीला आलेली, त्याच्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेली कार्डे तो विकत घेईल का, आणि घेतली तर ती कोठे लावील? मालिकेच्या शिस्तीत त्यांना जागा नाही. जागा करायची तर खंड्या आणि रॉबिन यांच्यामध्ये एक चर्च येईल, पावसाने भिजलेला समुद्रावरचा धक्का येईल, आणि बगळ्याचा तुरा खोवलेल्या टोपीतली एक नटी.